माणसाची दोन माणसं होत नाहीत

मंगळवारी सकाळी जर्नलकडून निरोप आला. आकृती तीनमधली पहिली दोन चित्रं पुसट येत आहेत, मूळ चित्रं पाठवावीत, आणि पेपरच्या अंतिम मजकुराला गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत मंजुरी द्यावी. मंजुरी म्हणजे पडद्यावरची एक हिरवी चौकट दाबायची, बस. पेपर शुक्रवारी प्रसिद्ध होणार होता. लेखकांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं, त्यामुळे ती चौकट तिनेच दाबायची होती.

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. शिक्षण संगणकाचं, वय सव्वीस, आणि तीन वर्षांपूर्वी ती इथे आली ती पेशी मोजायला. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चहाच्या टेबलावर हे नाव ठेवलं आणि ते तिला असं चिकटलं की आता दारावरच्या पाटीवर तेवढं लिहायचं बाकी होतं. तिलाही ते आवडायचं. मोजायचं म्हटलं की तिचं डोकं थंड व्हायचं. घरीसुद्धा जिन्याच्या पायऱ्या चढताना ती मनात आकडे म्हणायची.

काम असं होतं. काचेच्या प्लेटमध्ये त्वचेच्या पेशी वाढवायच्या. त्यांचा एकसलग थर झाला की बारीक टोकाने मधोमध एक ओरखडा काढायचा. मग दोन्ही काठांवरच्या पेशी त्या मोकळ्या पट्टीत सरकत येतात आणि जखम बुजवतात. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा दर दहा मिनिटांनी एक चित्र घेतो, सलग चोवीस तास. त्या चित्रांमधून प्रत्येक पेशी कुठून निघाली आणि कुठे पोचली हे शोधायचं काम मोजणीबाईच्या प्रोग्रामचं.

प्रोग्राम तिचा म्हणायचा, पण मुळात तो गर्दीशास्त्र्यांचा होता. गर्दीशास्त्री हेही ठेवलेलंच नाव. हे गृहस्थ सेहेचाळीस वर्षांचे, समाजाच्या वागणुकीचा अभ्यास करणारे, आणि नऊ वर्षं हंगामी जागेवर काढलेले. बाजार, फलाट, सभागृहांची दारं अशा ठिकाणी वरून चित्रीकरण करून माणसं गर्दीत कशी चालतात, कोण कुणाच्या मागे जातं, कोण कुणाला धरून राहतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्या पेशींच्या जाणकार. एका समारंभात या दोघांची जेवणाच्या रांगेत गाठ पडली आणि रांगेतच ठरलं की पेशीही गर्दी करून चालतात, तर गर्दीचा प्रोग्राम पेशींना लावून बघू. जुना कोड पेशींसाठी बसवून घ्यायला एक संगणकवाली हवी होती, ती मिळाली.

पहिल्या वर्षी जखम किती वेगाने बुजते यावर एक छोटा पेपर निघाला, बाकी विशेष काही हाती लागलं नाही. दुसऱ्या वर्षी मात्र कमाल झाली. शंभरातल्या अडतीस पेशी एकेकट्या न चालता जोडीने चालताना दिसल्या. सहा-सहा तास एकमेकींच्या शेजारून, वळल्या तर दोघी वळायच्या. गर्दीशास्त्र्यांनी त्यांना ‘सोबती’ असं नाव दिलं. बाजारात नवरा-बायको किंवा दोन मैत्रिणी जशा ओळखू येतात, अगदी तशाच या ओळखू येत होत्या, त्याच प्रोग्रामने, त्याच नियमाने. पेशी सोबत निवडतात, असं त्यांच्या पेपरचं म्हणणं होतं. तिन्ही शाखांचे लोक त्या एका वाक्यावर खूष होते.

मंगळवारी अकराच्या सुमाराला मोजणीबाईने आकृती तीनची मूळ चित्रं काढली. त्या आकृतीत एक नमुन्याची जोडी होती, सगळ्यांची लाडकी. चित्र क्रमांक एकतीसपासून ती सुरू व्हायची. तिने एकतीस आणि बत्तीस निवडलं, मोठं करून पाहिलं, पाठवायला म्हणून बाजूला ठेवलं. आणि मग उगीचच, हाताला लागलेल्या सवयीने, तिने एक चित्र मागे घेतलं.

तिसाव्या चित्रात तिथे एकच पेशी होती. गोल, फुगलेली, आजूबाजूच्या पसरट पेशींपेक्षा कितीतरी चकचकीत.

ती एकतिसाव्या चित्रावर गेली. दोन पेशी. परत तिसाव्यावर आली. एक.

तीन वर्षं पेशींच्या माणसांत बसून तिला एवढं नक्की कळत होतं की गोल आणि चकचकीत झालेली पेशी म्हणजे काय. दहा मिनिटांत तिच्या दोन होतात. प्रोग्रामला हे कळत नव्हतं. प्रोग्रामला जिथे कुणीच नव्हतं तिथे अचानक कुणी दिसलं, तर तो समजायचा की हा खांबाआडून बाहेर आला. फलाटावर खांब असतात. मग खांबाआडून आलेला माणूस ज्याच्या बरोबरीने चालत राहतो, तो त्याचा सोबती. माणसाची दोन माणसं होत नाहीत, त्यामुळे गर्दीशास्त्र्यांच्या कोडमध्ये अशा गोष्टीची सोयच नव्हती. आणि कोड पेशींना बसवताना तिनेही ती केली नव्हती.

तिने पडदा बंद केला, पुन्हा चालू केला. चित्र तेच होतं.

एक जोडी अशी निघाली म्हणून सगळ्या तशाच असतील असं नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि उसनं अवसान आणून पेशीघराकडे गेली.

पेशीघर मावशींचं. मावशी कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण एकवीस वर्षं तिथल्या पेशींना वेळच्या वेळी अन्नरस घालणं, जुन्यांतून नव्या प्लेटा करणं, ओरखडे काढणं हे सगळं त्यांच्याच हातचं होतं. मॅडमना ज्या गोष्टी पुस्तकातून माहीत, त्या मावशींना वासावरून माहीत, असं प्रयोगशाळेत म्हणायचे, आणि मॅडमही ते कबूल करायच्या.

मोजणीबाईने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की हे बघा, यात तुम्हाला काय दिसतं.

मावशींनी चष्मा नाकावर सरकवला. चित्रं पुढेमागे होऊ दिली.

“यात काय बघायचंय? व्यायली ती,” त्या म्हणाल्या. “व्यायल्यावर दोघी पाच-सहा तास अशाच चिकटून चालतात. मग जातात आपापल्या वाटेनं. माझ्या दोन्ही मुली तरी कुठे तेवढ्या एकत्र राहिल्या.”

“नेहमी असं होतं?”

“मग? नाहीतर प्लेट भरेल कशी?”

तिने विचारलं की हे कधी बोलला का नाहीत. मावशी जरा दुखावल्या. त्यांना कुणी विचारलं होतं का कधी? मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर रंगीत रेघा दाखवायचे, चित्रं नव्हेत. रेघांवरून त्यांना काय कळणार. “आणि तुम्ही एवढे शिकलेले सोबती-सोबती म्हणता, तर मला वाटलं, ते काहीतरी निराळं असेल. बहिणींना कुणी सोबती म्हणतं का?”

मग त्यांनीच, हातातली बाटली पुसता पुसता, उरलेलं सांगितलं. पहिल्या वर्षी असं दिसलं नसतं. तेव्हा ओरखड्याच्या आधी दोन तास प्लेटमध्ये औषध घालायचे, पेशींचं विभाजन थांबवायचं. ते नंतर बंद झालं ना, गर्दीवाल्या सरांनी सांगितलं म्हणून.

मोजणीबाईला ती मीटिंग आठवली. मॅडम परगावी होत्या. गर्दीशास्त्री म्हणाले होते की माणसांचं निरीक्षण करताना आपण त्यांना आधी कसली गोळी देत नाही. ज्यांची वागणूक बघायची त्यांना जसे आहेत तसे राहू द्यायला हवं. सगळ्यांना ते पटलं होतं. तिलाही. इतकं पटलं होतं की औषध बंद केल्यावर सोबती दिसू लागले तेव्हा तिघांनी मिळून त्याचा अर्थ लावला की औषधाने पेशींची सोबत करण्याची ओढच दबत होती. तो अर्थ पेपरच्या चौथ्या पानावर होता. ते वाक्य तिचं होतं.

मॅडम परत आल्यावर त्यांना हा बदल सांगितलाही गेला होता. पण पेशींसाठी बनवलेले जे प्रोग्राम मॅडमनी आयुष्यभर वापरले ते सगळे विभाजन आपोआप ओळखतात. ही बाब विचारायची असते हेच त्यांना सुचलं नसेल, जसं नवीन घरात शिरताना कुणी विचारत नाही की इथे जमीन आहे ना.

दुपारभर तिने दार लावून घेतलं. सोबत्यांच्या सगळ्या जोड्यांमधून प्रोग्रामला पन्नास जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काढायला लावल्या आणि एकेक जोडी हाताने मागे नेऊन तपासली. सहाव्या जोडीपर्यंत तिला आशा होती. पंधराव्यापाशी ती पाणी प्यायली. तिसाव्यापुढे ती केवळ शिस्त म्हणून मोजत राहिली. पन्नासपैकी पंचेचाळीस जोड्या बहिणी-बहिणी होत्या. उरलेल्या पाच खरोखर दोन वेगळ्या पेशी. तेवढ्या तर निव्वळ योगायोगानेही शेजारी चालतात; पहिल्या वर्षी औषधाखाली तेवढ्याच निघाल्या होत्या.

घरी, म्हणजे ताईकडे, पोचली तेव्हा ताईने दार उघडताच विचारलं की कुणाशी भांडून आलीस. ती म्हणाली, कुणाशी नाही. जेवताना तिने ताटातले वाटाणे एका बाजूला केले आणि खाल्ले नाहीत. भाऊजींनी थट्टा केली की आता हेही मोजून झालं की मगच पोटात जाणार वाटतं. ताईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

नऊ वाजता आईचा फोन आला. शुक्रवारी छापून येणार ते नक्की कुठे बघायचं, बाबांना लिहून दे, असं आई म्हणत होती. बाबांनी त्यांच्या जुन्या कार्यालयातल्या सगळ्यांना कळवलं होतं आणि त्यातल्या एका काकांनी विचारलं होतं की पेशींना सोबत कशाला लागते. बाबांना उत्तर देता आलं नव्हतं. “तू एकदा सोप्या भाषेत सांग ना त्यांना. कालपासून हैराण आहेत.”

तिने सांगितलं की आत्ता डोकं दुखतंय, उद्या बोलते.

बुधवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली आणि तिने ते केलं जे करायची तिला स्वतःलाच लाज वाटत होती. तिने निष्कर्ष वाचवायचा प्रयत्न केला. प्रोग्राममध्ये विभाजन ओळखायची सोय बसवली, बहिणी वगळल्या आणि सोबत्यांची व्याख्या थोडी सैल केली. सहा तासांऐवजी चार. आकडा जरा वर आला. मग तीन तास. आणखी वर आला. दोन तासांवर तो अकरावर पोचला आणि क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने पेशी मुद्दाम अस्ताव्यस्त केल्या, कुणाचा कुणाशी संबंध नाही अशी खोटी प्लेट संगणकात तयार केली आणि तिच्यावर तोच नियम चालवला. खोट्या प्लेटमध्येही अकरा निघाले.

तिने दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. त्यानंतर मूळ सहा तासांच्या नियमाने आलेला खरा आकडा लिहिला. चार. अडतीसचे चार.

अजूनही हे मावशींशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि मावशींनाही ते पुरतं माहीत नव्हतं. हा विचार तिच्या डोक्यात आला आणि जाईना. जर्नलने पेपर ज्यांच्याकडून तपासून घेतला त्या परीक्षकांना काही कळलं नव्हतं. त्यांच्यातला एक संगणकवाला, एक समाजशास्त्रवाला; पेशींचा जो तिसरा होता त्याने आजारपणामुळे नकार कळवला होता. आकृतीसाठी एकतीस आणि बत्तीसच हवी होती. तिसावं चित्र कुणीच मागितलं नव्हतं.

दुपारी गर्दीशास्त्री तिच्या खोलीत डोकावले. कायमच्या जागेसाठी त्यांची मुलाखत सोमवारी होती. त्यांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या, आणि तो कसा दिसतो हे विचारायला ते आले होते. घरात बायको म्हणते बरा आहे, पण ती मायेपोटी म्हणते, तुम्ही आकड्यांची माणसं खरं बोलता.

मोजणीबाई म्हणाली, चांगला आहे.

ते तिथेच खुर्चीच्या हातावर टेकले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न सोबत्यांवर येणार, त्यांनी उत्तर घोकून ठेवलं होतं. ते त्यांनी तिला म्हणून दाखवलं. नऊ वर्षं लोक त्यांना विचारत होते की बाजारात फिरणाऱ्यांकडे बघून काय मिळतं. आता ते सांगू शकत होते की ओळख ही गोष्ट माणसांपासून सुरू होत नाही, तिची मुळं पेशींत आहेत. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. तिला सांगायचं होतं. तिने तोंडही उघडलं. पण बाहेर आलं ते एवढंच की शर्टाच्या कॉलरखाली एक टाचणी राहिली आहे.

त्यांनी हसत टाचणी काढली, तिच्या टेबलावर ठेवली आणि गेले.

संध्याकाळी बाहेर पडताना तिने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या आणि एकोणीस आल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या रोज अठरा असतात. ती परत वर जाऊन मोजून आली. अठराच होत्या. रस्त्यावर आल्यावर तिला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. दोन दिवसांत तिचा मोजण्यावरचा विश्वास उडाला होता आणि तेच तिला सगळ्यात जास्त छळत होतं. उद्या तिने चौकट दाबली, तर यापुढे तिने मोजलेल्या कुठल्याच गोष्टीवर, इतरांचं राहू दे, तिचा स्वतःचा भरवसा बसणार नव्हता.

घरी आल्यावर तिने ताईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. ताईला त्यातलं निम्मं कळलं नाही. सगळं ऐकून तिने एकच विचारलं की चूक कुणाची.

“थोडी थोडी सगळ्यांची. पण हात माझा.”

“मग तूच सांगायला हवंस, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.” ताईने गॅस बारीक केला. “आणि आज तरी जेव नीट. उद्या मॅडमसमोर चक्कर येऊन पडलीस तर त्यांना वाटेल नाटक करतेस.”

गुरुवारी दहा वाजता मोजणीबाई मॅडमच्या खोलीत उभी राहिली. रात्रभर पाठ केलेली वाक्यं दारातच विसरली. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला, तिसावं चित्र लावलं, मग एकतिसावं, आणि म्हणाली, “मॅडम, प्रोग्राम विभाजन ओळखत नाही. कधीच ओळखत नव्हता.”

मॅडमनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि ती दोन चित्रं स्वतःच्या हाताने पुढेमागे केली. सात-आठ वेळा. मोजणीबाईला वाटलं, त्यांनी ओरडावं. मॅडमनी विचारलं की किती जोड्या तपासल्या, कशा निवडल्या, विभाजन ओळखायला नियम कोणता लावला. तिने सगळं सांगितलं, सैल केलेल्या व्याख्येचंसुद्धा. ते सांगताना तिला खाली बघावं लागलं.

“हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “गोल झालेली पेशी दिसली की थांबा आणि बघा. माझ्याच आकृतीत आहे आणि मी रेघा बघत बसले.”

त्यांनी फोन उचलून गर्दीशास्त्र्यांना बोलावलं.

ते आले तेव्हा अंगात रोजचा शर्ट होता. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं. गर्दीशास्त्र्यांचा चेहरा आधी पडला नाही. त्यांना ती मौज वाटली. म्हणजे आपण भावंडांना प्रेमिक समजलो, असं म्हणून ते हसले. आपलं हसू खोलीत एकटंच पडलंय हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारलं की सगळंच गेलं का, का काही उरतं.

“चार,” मोजणीबाई म्हणाली. “योगायोगाने येतात तेवढे.”

ते बोलले तेव्हा आवाज खाली होता. औषध बंद करा असं त्यांनी सांगितलं होतं. औषध कशासाठी असतं हे त्यांनी विचारलं नव्हतं. बाजारात असा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

“कालपासून माहीत होतं ना तुला?” त्यांनी तिला विचारलं. “मी उत्तर म्हणून दाखवत होतो तेव्हा?”

“परवापासून.”

त्यांनी मान हलवली. रागावले की नाही ते तिला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

मॅडमनी सांगितलं की पत्र आत्ताच जायला हवं. ते मोजणीबाईनेच लिहायचं, कारण पहिलं नाव तिचं. तिने लिहिलं की आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये माझ्याकडून राहिलेल्या चुकीमुळे निष्कर्ष टिकत नाही, तरी पेपर मागे घेत आहोत. मॅडमनी ‘माझ्याकडून’ खोडून ‘आमच्याकडून’ केलं. गर्दीशास्त्र्यांनी त्याच्याखाली आणखी एक वाक्य घालायला लावलं, की प्रयोगाच्या पद्धतीत केलेला बदल त्यांच्या सूचनेवरून झाला होता. मॅडम म्हणाल्या, याची गरज नाही, सोमवारी मुलाखत आहे, तिथे कुणीतरी हे पत्र काढून बघेल. ते म्हणाले, बघू दे, नऊ वर्षं कुणी माझं काहीच काढून बघितलं नाही.

पावणेबाराला पत्र गेलं. जर्नलचं आपोआप येणारं पोचपत्र लगेच आलं, त्यात पेपर पाठवल्याबद्दल आभार मानले होते.

मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की ही चूक सापडली ती एक चित्र चुकून मागे गेलं म्हणून. न सापडलेल्या किती आहेत, ते मोजायचं कसं?

तिने तसं बोलून दाखवलं. मॅडमनी विचारलं की तो कोड किती ओळींचा आहे. ती म्हणाली, हजाराच्या वर. त्यातल्या जवळपास सहाशे गर्दीशास्त्र्यांच्या जुन्या.

“लाव पडद्यावर,” मॅडम म्हणाल्या. “वाच. पहिल्या ओळीपासून. प्रत्येक ओळीला आम्ही दोघं सांगू की ही माणसांसाठी आहे का पेशींसाठी.”

तीन वर्षांत तिघं असे कधी बसले नव्हते. मोजणीबाई ओळ वाचायची, तिचा अर्थ साध्या भाषेत सांगायची. गर्दीशास्त्री सांगायचे की हे का घातलं होतं. मॅडम सांगायच्या की पेशींना ते लागू पडतं का. काही ओळी चटकन सुटल्या. एका ओळीत जिन्याचा उल्लेख होता. तिचा उपयोगच होत नव्हता, ती नुसती पडून होती. मावशी मध्येच विचारायला आल्या की उद्याच्या प्लेटांत औषध घालू का नको, तर मॅडमनी त्यांनाही बसवून घेतलं. त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या, मांडीवर हात ठेवून, पाहुणीसारख्या.

पासष्टाव्या ओळीवर मोजणीबाई म्हणाली की जो चाळीस चित्रांमध्ये जागचा हलत नाही त्याला इथे यादीतून काढून टाकलंय.

“दुकानदार,” गर्दीशास्त्री लगेच म्हणाले. बाजारातल्या चित्रीकरणात दुकानदार दिवसभर एका जागी बसलेले असायचे. ते काही गर्दीतले नव्हेत, त्यांना चालणाऱ्यांत धरलं तर सगळं गणित बिघडायचं. म्हणून काढायचे.

मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला.

“पेशींत दुकानदार नसतात,” त्या म्हणाल्या.

“असतात की,” दारातून मावशी म्हणाल्या. “बऱ्याच जणी जागच्या हलत नाहीत. एकदा बसल्या की बसल्या.”

चाळीस चित्रं म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. मोजणीबाईने ते मनात केलं आणि पुढचं मनात करायचं तिला धाडस होईना. ही ओळ काही दुसऱ्या वर्षी आलेली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून होती. पहिल्या वर्षाचा तो छोटा पेपर, जखम किती वेगाने बुजते त्यावरचा, छापून दोन वर्षं झाली होती. त्यात पेशींचा सरासरी वेग दिला होता. तो आकडा निदान सात ठिकाणच्या लोकांनी त्यांच्या कामात वापरला होता, आणि तो वेग फक्त चालणाऱ्यांचा होता.

“किती गेल्या असतील अशा?” मॅडमनी विचारलं.

गर्दीशास्त्र्यांनी स्वतःची खुर्ची पडद्याजवळ ओढली. मावशीही उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. मोजणीबाईने पासष्टावी ओळ बंद केली आणि पहिल्या वर्षाची पहिली प्लेट उघडली.

“मोजते,” ती म्हणाली.